बाही कुणी जोडायची

पिशवी मीच शिवली, जुन्या पडद्याच्या कापडाची.
आत सहा खिसे: मेंदू, डोळे, हाडं, कान,
व्यायाम, आणि एक नुसत्या पावत्यांचा.
वाळपईहून पहाटेची बस.
मांडीवर सोयरू, सोयरूवर पिशवी,
पिशवीवर माझा हात.
साखळी येईतो त्याची मान माझ्या कोपरात कललेली.

सासऱ्यांचं नाव ठेवलं त्याला.
आता सात वर्षांचा आहे, वजन साडेचौदा किलो,
आणि बांबोळीत त्याचे पाच डॉक्टर.
पाचही चांगले, खोटं कशाला बोलू.
फक्त एकाला दुसरा माहीत नाही.

मेंदूचे डॉक्टर म्हणाले, झटके थांबायला हवेत,
सिरप पाचचं साडेसात करा.
हाडांच्या डॉक्टरांनी पाय सैल पडायला गोळी दिली,
अर्धी, दिवसातून तीनदा.
खालच्या मजल्यावर व्यायामाच्या ताई म्हणाल्या,
हा प्रयत्नच करत नाही, घरी करून घेता ना?
मी म्हटलं, तो झोपलेला असतो.
त्या म्हणाल्या, ते वर विचारा.
वर म्हणाले, ते खाली सांगा.
जिने चढता उतरता मी निरोप्या झाले,
तोही अर्धं विसरणारा,
कारण सोयरूला कडेवर घेऊन लिहिता येत नाही.

माझ्या दुकानात असं चालत नाही.
एकानं पाठ कापली, दुसऱ्यानं गळा,
तिसऱ्यानं बाही, आणि सगळे जेवायला घरी गेले,
तर गिऱ्हाईक काय घालणार?
बाही मुंढ्याला जोडताना
थोडं कापड सैल सोडावं लागतं,
नाहीतर हात वर होत नाही.
हे कुणी शिकवलं नाही. ब्लाउज उसवून उसवून कळलं.

एकदा औषधाच्या खिडकीतल्या पोराला विचारलं,
या कागदावर वर काय लिहिलंय रे,
प्रत्येक वेळी तेच दिसतं.
तो जरा थांबला. मग म्हणाला,
अँक्शस मदर. म्हणजे, आई फार काळजी करते.
मला इतके दिवस ते औषधाचं नाव वाटत होतं.

डॉक्टर इव्होन फुर्तादो तिथं नवीनच.
केस विस्कटलेले, टेबलावर न उघडलेला डबा.
त्यांनी माझी पिशवी उलटी केली,
सहाही खिसे. माझ्या पोटात गोळा.
पत्ते लावावेत तसे कागद तारखेनं लावले.
बाहेर रांग कुरकुरत होती.
मग विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय होतंय त्याला?

मला उत्तरच येईना.
या इमारतीत मी आजवर
वजन सांगितलं होतं, तारीख सांगितली होती.
कशीबशी म्हटलं, दुपारची गोळी आणि सिरप
एकापाठोपाठ पोटात गेलं
की हा कुठंतरी निघून जातो. डोळे उघडे असतात, पण नसतो.

त्यांनी फोन उचलला. एक झाला.
दुसरीकडे कुणी घेईना, पुन्हा लावला, पुन्हा.
"नाही सर, रिपोर्टमध्ये नाहीये. आई सांगतेय."

आई सांगतेय.
मी पदरानं सोयरूची लाळ पुसली.
पुसलेलीच होती.

दुपारची गोळी थोडी थोडी कमी करत काढली,
रात्रीची तेवढी राहिली.
झटके? महिन्यात एक आला, लहान.
चष्म्याचा नंबर अजून तसाच लटकलाय,
आणि डॉक्टर फुर्तादोंचं वर्ष मार्चमध्ये संपतं.
पुढं कोण बसेल, कुणाला ठाऊक.
एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी पाच नावं लिहून दिलीत,
समोर पाच नंबर.
पाकीट कुठल्याच खिशात मावत नाही,
सातवा शिवायला पडद्याचं कापड उरलंय का बघायला हवं.

परवा परतताना साखळी गेली, होंडा गेलं,
आणि सोयरू खिडकीच्या गजावर
तळहात आपटत होता, ठण, ठण,
पुढच्या बाईनं दोनदा वळून बघितलं तरी.
जानू कंडक्टर पैसे मोजत मागं आला,
मोजता मोजता थबकला.
आज निदलो ना गे?

ना, म्हटलं.